तिसरा कान

पोस्टकार्ड. पिवळट, उघडं, शेवटी पन्नास पैशांवर येऊन थांबलेलं. मैत्रीण सेनगावहून रिसोडला नांदायला गेली. मी कार्डावर लिहायचे ते आधी पोस्टमनमामा वाचणार, मग तिचे सासरे, हे धरूनच लिहायचे. म्हणून ‘सासूबाई कशा वागवतात’ असं विचारायचं नाही. ‘तिकडचं पाणी मानवलं का’ असं विचारायचं. उत्तर यायचं, ‘पाणी जरा जड आहे.’ मला कळायचं.

कोपऱ्याला हळदकुंकू असलं की लग्न नाहीतर बारसं. कोपरा फाडलेला असला की कार्ड उंबऱ्याच्या आत यायचं नाही. दारातच वाचायचं, तिथंच फाडायचं.

पत्ता. १ जुलै १९९८ ला तिचा अकोला जिल्हा वाशीम झाला, १ मे १९९९ ला माझा परभणी हिंगोली झाला. दहा महिन्यांत दोघींचे जिल्हे बदलले. आम्ही पुढं कितीतरी दिवस जुनेच लिहीत राहिलो. पत्रं पोचायची.

इनलँड. निळं, तीन घड्यांचं, अडीच रुपयांचं झालं तोवर आमच्यातलं संपतच आलं होतं. उघडताना नेमकी तीच ओळ फाटायची जिच्यात पोराचे मार्क असायचे.

‘इकडील सर्व क्षेम.’ म्हैस मेली असली तरी आधी हे. म्हैस खाली, ता.क. मध्ये.

पत्र वाचून दाखवणारी पोरगी. ही मीच होते, पाचवीत. शेजारच्या मावशीला अक्षर येत नव्हतं. तिच्या माहेरच्या मैत्रिणीचं पत्र आलं की मला हाक. मी उंबऱ्यात बसून शाळेतला धडा वाचावा तसं खड्या आवाजात वाचायची. एकदा वाचलं, ‘सुनेला दिवस गेले आहेत.’ कुठं गेले, असं मी विचारलं. मावशीनं गुळाचा खडा हातावर ठेवला आणि म्हणाली, ‘तू वाच पुढं.’ मग उत्तर. मावशी सांगायची ते सगळं मी लिहीत नसे. कार्डात मावत नाही म्हणून काही गाळायची, काही मला लाज वाटते म्हणून. तिकडच्या मैत्रिणीलाही अक्षर येत नव्हतं. तिचं पत्र तिथलाच कुणी पोरगा लिहायचा, काना-मात्रा बघितल्या की कळायचं. म्हणजे दोन बायांचं जन्माचं गूज दोन पोरांच्या हातून जात होतं, आणि त्या पोरांनी एकमेकांना कधी बघितलं नाही. मावशी पत्र घडी करून तांदळाच्या डब्यात ठेवायची. मधूनच काढून नुसतं बघायची. काय बघत असेल, हे मी तेव्हा विचारायला पाहिजे होतं.

पी.पी. नंबर. लग्नपत्रिकेवर, दुकानाच्या पावतीवर, कंसात. फोन दुसऱ्याचा, माणूस आपला. ‘दहा मिनिटांनी लावा, बोलावतो.’ किराणावाल्यांच्या बैठकीत कणकेच्या हातानं रिसीव्हर धरायचा आणि त्यांच्या सगळ्या घरादेखत ‘हो’, ‘नाही’, ‘बरं’ एवढंच बोलायचं. ठेवला की त्यांची बायको विचारणारच, ‘काय म्हणती? पोरगं पास झालं का?’ तिचा तो हक्क होता. रागही यायचा, नाही असं नाही.

एसटीडीचा बूथ. आत लाल आकडे पळायचे. तोंडानं बोलायचं तिच्याशी, डोळे आकड्यांवर. रात्री उशिरा दर उतरायचे, पण एवढ्या रात्री बाईमाणसाला बूथवर कोण जाऊ देणार?

कंडक्टर. लोणच्याची बरणी आणि निरोप. बरणी सांडली तरी निरोप पोचायचा.

हापसा.

दहावीचा निकाल. औरंगाबाद बोर्डाचे नंबर पेपरात यायचे. पेपर एकाच घरी, त्याच्याभोवती गल्ली. ज्याचा नंबर नाही त्याचं सगळ्यांना एकदमच कळायचं; संध्याकाळी त्याच्या घरी कुणीतरी भाजी नेऊन द्यायचं. आता पोर दार लावून मोबाईलवर बघतं. चांगलं आहे ते. भाजी मात्र जात नाही.

मिस्ड कॉल. मे २००३ पासून येणारे फोन फुकट झाले, पण करणाऱ्याला पैसे पडतच होते. म्हणून एक रिंग म्हणजे पोचले, दोन म्हणजे सवड झाली की कर. तीन आम्ही ठरवल्या होत्या, कशासाठी ते आठवत नाही. तार १४ जुलै २०१३ ला शेवटची गेली, ते पेपरात आलं. मिस्ड कॉल गेला त्याचं कुणी छापलं नाही.

यादीत एक उलटीही नोंद करते. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. नर्सीला परतवारीला भेटू म्हणत आमच्या कितीतरी आषाढी गेल्या होत्या. आता ती मधेच उठून येते. सकाळी येते, चारच्या गाडीनं जाते. आल्यावर पहिला तासभर दोघींना काही सुचत नाही, कारण सगळं फोनवर आधीच बोलून झालेलं असतं.

परवा तिचा आवाज आला, चार मिनिटांचा. मी कानाला काही लावत नाही, मोठ्यानंच ऐकते. नातीला चष्मा लागला, गुडघे दुखतात. मग जरा थांबून ती म्हणाली, ‘सुनेला इथलं पाणी जड जातंय बघ.’

आतून माझी सून ओरडली, ‘आई, मावशींना म्हणावं आरओ बसवून घ्या.’