जोशी मास्तरांचा मुलगा

सवाई गंधर्व महोत्सवाच्या मध्यंतरात चहाच्या रांगेत माझ्या पुढे उभ्या असलेल्या बाई मागे वळल्या आणि ओळख ना पाळख, मला म्हणाल्या, "मी भीमसेनांना जन्माच्या आधी ऐकलंय." आई सात महिन्यांची गरोदर होती. सासूबाईंचा विरोध पत्करून ती रमणबागेत रात्रभर शाल गुंडाळून बसली. पहाटे भीमसेनअण्णांनी तोडी सुरू केली तशी पोटात हालचाल सुरू झाली, ती भैरवीपर्यंत थांबली नाही, असं आई शेवटपर्यंत सांगायची. बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते लपवावं असं त्यांना वाटत नव्हतं.

मग रांगेलाच कंठ फुटला. एक गृहस्थ म्हणाले, आमची फियाट आणि अण्णांची गाडी एकाच गॅरेजला जायची. मेकॅनिक वडिलांना सांगायचा की ते स्वतः बॉनेट उघडून सांगतात, कुठं बिघडलंय ते. त्यांच्यामागच्या निवृत्त मास्तरांनी शाळेत असताना सातारा रस्त्यावर ती गाडी जाताना पाहिली होती, खिडकीत हात दिसला होता. फक्त हात. एका तरुण मुलानं चाचरत सांगितलं की नवी पेठेत आजोबांकडे आणि अण्णांच्या घरी, 'कलाश्री'त दूध घालणारा माणूस एकच होता. कुणी हसलं नाही. उलट सगळ्यांनी त्या दुधाची नीट दखल घेतली. चहा हातात आला तेव्हा आत तंबोरे जुळू लागले होते, आणि कुणी कुणाचं नाव न विचारताच आम्ही पांगलो.

त्या रांगेत एकानंही असं म्हटलं नाही की ते मला ओळखत होते. प्रत्येकाच्या गोष्टीत भीमसेन जोशी कुठून तरी कुठं तरी चालले आहेत आणि सांगणारा कडेला उभा आहे. मला ही गोष्ट फार आवडते. ज्यांच्याकडे पंडितजींबरोबरचा फोटो आहे त्यांच्या दिवाणखान्यात तो मोठ्या चौकटीत असतो, पाहुण्याला दाखवला की झालं, पुढे सांगायला काही उरत नाही. ज्यांच्याकडे हात, दूध आणि आईच्या पोटातली एक पहाट एवढंच आहे त्यांना मात्र ते सांगावंच लागतं, पुन्हा पुन्हा, अनोळखी माणसांनासुद्धा. ज्या गाण्यानं आपल्याला इतकं दिलं त्याच्याशी आपलं काहीच नातं नाही, हे माणसाला सोसत नाही. मग तो दुधातून, गॅरेजमधून, रस्त्यातून नातं जोडतो. मला यात भाबडेपणा दिसत नाही. मला ही कृतज्ञता वाटते.

अण्णांच्या बाबतीत अशा गोष्टी इतक्या, याचं एक कारण सरळ आहे. ते फिरलेच तेवढे. गाडी स्वतः चालवत, मैलोन् मैल, रात्री-अपरात्री, मैफल संपली की पुढच्या गावाला. विमानानं इतके फिरले की लोक त्यांना 'हवाई गंधर्व' म्हणू लागले. रस्त्यावरचा गवई रस्त्यावरच्या माणसांना भेटतोच. पुणे-बंगळूर रस्त्यावर चहा पिताना मी हॉटेलवाल्याला विचारून बघतो, आणि तो मान हलवतो. इथंच थांबायचे, या बाकावर. खरं-खोटं करावंसं मला कधीही वाटलेलं नाही.

पण मला जी माणसं राहून राहून आठवतात त्यांनी अशी गोष्ट कुणालाच सांगितली नाही, कारण आपल्याकडे ती आहे हे त्यांना कळलंच नाही. ती माणसं गदगची.

भीमसेनांचा जन्म ४ फेब्रुवारी १९२२ चा. वडील गुरुराज जोशी शिक्षक. हा मुलगा लहानपणी आवाजामागे जायचा. भजनाची दिंडी असो, वरातीचा बँड असो, कानावर पडलं की पाय तिकडे. मिरवणूक गावाच्या दुसऱ्या टोकाला पोचायची, मुलगा थकायचा आणि असेल तिथे झोपून जायचा. इकडे घरात कल्लोळ, शोधाशोध, पोलिसांपर्यंत धाव. असं किती वेळा झालं असेल कुणास ठाऊक. शेवटी वडिलांनी एक उपाय काढला. मुलाच्या सगळ्या सदऱ्यांवर लिहून टाकलं: जोशी मास्तरांचा मुलगा. मग कुणाच्या ओसरीवर, कुणाच्या दुकानाच्या फळीवर तो झोपलेला सापडला की लोक सदरा वाचत आणि घरी आणून पोचवत.

या बापाविषयी मला अतोनात आदर वाटतो. त्यांनी मुलाला कोंडून ठेवलं नाही. 'आवाजामागे जाऊ नकोस' असंही सदऱ्यावर लिहिलं नाही. जा म्हणाले, फक्त परत येण्याचा पत्ता पाठीवर घेऊन जा. आणि सगळा भरवसा टाकला तो गावावर. कुणीतरी वाचेल, कुणीतरी उचलेल. ती कुणीतरी माणसं कोण होती? एखादा किराणा दुकानदार असेल, कापसाच्या वखारीतला हमाल असेल, उरुसाहून परतणारं एखादं कुटुंब असेल. त्यांनी खांद्यावर घेतलं ते झोपलेलं एक पोर. त्या पोराच्या गळ्यात पुढे काय येणार आहे, हे त्यांना माहीत असायचं कारण नव्हतं. दार वाजवलं, मास्तरांच्या हाती पोर दिलं, आपल्या घरी गेली. पुढे रेडिओवर पंडित भीमसेन जोशी ऐकताना त्यांपैकी एकाला तरी वाटलं असेल का, की हा आवाज एका रात्री माझ्या खांद्यावर होता?

माझ्या आजीचं माहेर गदगचं. वयानं ती साधारण अण्णांच्याच बरोबरीची. तिच्या वडिलांचं घर मिरवणुकीच्या वाटेवर होतं. २००८ च्या नोव्हेंबरात भारतरत्नाची बातमी आली तेव्हा ती टीव्हीसमोर बसून होती आणि बातमी ऐकता ऐकता तिनं आपण होऊन सांगितलं की पालखी किंवा ताबूत निघून गेले की आमच्या कट्ट्यावर एखादं पोर हमखास झोपलेलं सापडायचं. वडील ते उचलायचे, ती पुढे कंदील धरून चालायची. ज्याचं त्याच्या घरी पोचवून यायचं. झोपलेलं पोर दुप्पट जड होतं, असं वडील म्हणायचे. मी सरसावून बसलो. म्हटलं, "आजी, त्यातला एखादा जोशी मास्तरांचा होता का?" आजी शांतपणे म्हणाली, "कुणाच्या सदऱ्यावर काय लिहिलंय ते मला कुठं वाचता येत होतं?"

तिनं एवढ्यावर तो विषय सोडला. मला मात्र तो सोडवत नाही. हो म्हणायला तिला काय लागलं असतं? कुणी तपासायला जाणार नव्हतं. चहाच्या रांगेत सांगण्यासारखी केवढी मोठी गोष्ट आमच्या घरात आली असती. पण तिला जेवढं माहीत होतं तेवढंच तिनं ठेवलं: कंदील, वडिलांचा खांदा, पोराचं वजन. कधी कधी शुद्ध कल्याण लावून बसलो की मला त्या कंदिलाचा उजेड रस्त्यावर हलताना दिसतो. मी अभंगांपेक्षा त्यांच्या ख्यालांकडे अधिक ओढला जातो, आणि ख्यालांतही १९६० च्या आसपासच्या ध्वनिमुद्रणांकडे, जिथं तान निघते तेव्हा आवाज अजून कुणाशी तरी झुंजत असतो.

गदगमध्येच कुठल्याशा दुकानात वाजणारी एक तबकडी त्या मुलाच्या कानावर पडली. अब्दुल करीम खाँची, झिंझोटीतली ठुमरी. तिनं त्याला झपाटलं. दुकानातल्या त्या माणसानं ग्रामोफोनला चावी दिली, सुई ठेवली आणि तो आपल्या गिऱ्हाइकाकडे वळला असेल. १९३३ मध्ये, अकरा वर्षांचा असताना, मुलगा घरातून निघून गेला. पानात तूप वाढलं नाही म्हणून रुसून, असं सांगतात. तूप निमित्त असेल. गुरू शोधायचा होता. खिशात पैसे नाहीत. गाडीत बसायचं, डब्यात गायचं, तिकीट तपासनीसाला गाणं ऐकवायचं, प्रवाशांनी दिलं तर खायचं. ग्वाल्हेर, दिल्ली, लखनौ, रामपूर, कलकत्ता, जालंधर. त्या डब्यांमधल्या लोकांचा हिशेब कोण ठेवणार? कुणी आपल्या डब्यातली अर्धी पोळी दिली असेल, कुणी 'अरे, ग्वाल्हेरला जा' म्हणून सुचवलं असेल, कुणी दमदाटी करून पुढच्या स्टेशनवर उतरवलंही असेल. मला तो उतरवणारा तपासनीससुद्धा नात्यातलाच वाटतो.

कलकत्त्यात या मुलानं पहाडी सन्याल या सिनेनटाच्या घरी घरकाम केलं. पुढे अनेक वर्षांनी, नाव झाल्यावर, तिथल्या एका मैफलीनंतर सन्याल अभिनंदन करायला आत आले तेव्हा समोरच्या गवयानंच त्यांना आठवण करून दिली म्हणतात, की तुमच्या घरचा तो जोशी मीच. घरात वावरलेला माणूस त्यांना ओळखू आला नव्हता. जालंधरला हरवल्लभ संमेलनात विनायकबुवा पटवर्धन भेटले आणि म्हणाले, इकडे कशाला भटकतोस, तुझा गुरू तुझ्याच मुलखात आहे. सवाई गंधर्व, कुंदगोळला. गदगपासून काही तासांवर. म्हणजे उत्तर हिंदुस्थानभर पसरलेली ती सगळी अनोळखी माणसं मिळून एका मुलाला पुन्हा घराकडेच आणत होती. सदऱ्यावर जे लिहिलं होतं ते जणू त्यांनाही वाचता येत होतं.

कुंदगोळला तेव्हा हुबळीहून गंगूबाई हनगल गाडीनं शिकायला येत आणि शिकवणी झाली की गाडीनंच परत जात. संध्याकाळच्या त्या डब्यात त्यांच्या शेजारी बसणाऱ्या बायकांनी नुकताच गुरूकडून आलेला स्वर गुणगुणताना ऐकला असेल, आणि आपल्या भाजीच्या पिशव्या सावरल्या असतील.

हे सगळं मनात येतं तेव्हा मी देवासलाही जाऊन पोचतो. १९४८ मध्ये कुमार गंधर्व क्षयाच्या उपचारासाठी तिथं आले. गाणं बंद होतं. खाटेवर पडून वर्षानुवर्षं फक्त ऐकायचं. खिडकीबाहेरून माळव्यातल्या बायका गात जायच्या, फिरते नाथपंथी निर्गुणी भजनं म्हणत जायचे. त्या गळ्यांतून कुमारांना मालवती, संजारी यांसारखे धुनउगम राग दिसले, आणि निर्गुणी भजनांचं ते विलक्षण गाणंही. सहसा रसिक गवयाचा ऋणी असतो. इथं गवई रस्त्यावरून जाणाऱ्यांचा ऋणी झाला. त्या बायका लग्नाची गाणी म्हणत पुढच्या दारी गेल्या. आतल्या खोलीत कोण कान लावून पडलंय, याची त्यांना काय कल्पना!

पुण्यातल्या लष्कराच्या हिशेब खात्यात गायक वसंतराव देशपांडे नोकरी करत होते. 'कट्यार काळजात घुसली' हे नाटक १९६७ मध्ये आलं, तोवर कितीक कागदांवर त्यांची सही झाली असेल. एखाद्या सुभेदाराच्या पेटीत तळाशी असा कागद असेल, घडीवर फाटत आलेला. घरच्यांनी तो जपला असेल तो पेन्शनसाठी.

मिरजेला गेलो की मी सतारमेकर गल्लीत जातोच. गदगच्या त्या तबकडीतले अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले. त्यांना जवारी लावण्यापासून वाद्यदुरुस्तीची सगळी कामं स्वतःच्या हातानं येत. १९३७ मध्ये मद्रासजवळच्या सिंगपेरुमाळ कोविल स्टेशनवर, प्रवासातच तब्येत बिघडली म्हणून खाँसाहेब उतरले आणि फलाटावर गात गात गेले. त्या रात्री गाडीची वाट पाहणाऱ्या तमिळ प्रवाशांना शेवटचं ते गाणं मिळालं. त्यांची कबर मिरजेत मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात आहे. सतारमेकर गल्लीतली घराणी मूळची शिकलगार, शस्त्रांना धार लावणारी. तलवारींचे दिवस सरले तसे १९ व्या शतकात फरीदसाहेब आणि त्यांच्या मागच्या पिढ्यांच्या हातांनी तंबोरे घडवायला घेतले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा मला मनापासून आनंद झाला.

तिथं भिंतीवर मोठ्या गवयांचे फोटो असतात आणि प्रत्येक फोटोखाली एक गोष्ट. मला मात्र कोपऱ्यात रचलेले भोपळे बघायचे असतात. ते पंढरपूरच्या बाजूनं येतात, भीमेच्या काठच्या रानांतून. हे भोपळे खायचे नव्हेत. कडू, जाड सालीचे, वाळून खणखणीत होईपर्यंत राखलेले. पंढरीच्या मातीत वाढलेला भोपळा ज्या तंबोऱ्याला लागतो त्याच्याच साथीनं पुढे कुणीतरी विठ्ठलाचा अभंग गातं. तो शेतकरी तेव्हा रानात असतो. मी कारागिराला विचारलं, कुणाच्या रानातला भोपळा कुणाच्या तंबोऱ्याला लागला, याची कुठं नोंद असते का? एक वही ठेवा, मी कळकळीनं म्हटलं. त्या शेतकऱ्याला कळायला पाहिजे. ते म्हणाले, "वही कोण ठेवणार साहेब, यंदा मालच कमी आलाय, पाऊस कुठं वेळेवर पडला," आणि एकेक भोपळा पुढे ओढून बोटानं वाजवून दाखवू लागले. हा बायकी पट्टीला चालेल. हा पुरुषी पट्टीचा, याला तूणाची तबली चढवायची. ह्याला मात्र आतून बारीक चीर आहे, हा नाही चालायचा.