थांबली तर बुडेल

पुणतांब्याहून गोदावरी समुद्राकडेच निघते, पण कोकणाला पाठ दाखवून. तिच्या काठी गळ टाकून बसणाऱ्याच्या ओळखीची शिकारी मासळी म्हणजे मरळ. पाणवनस्पतींत दबा धरणारी, निवांत.

सुरमईला हा निवांतपणा परवडत नाही. तिच्या पोटात हवेची पिशवीच नसते. पोहणं थांबलं की ती खाली जाऊ लागते. विजयदुर्गपासून समुद्रात सुमारे १०० किलोमीटर आत, कान्होजी आंग्र्यांचं नाव लाभलेल्या आंग्रिया बँकेसारख्या प्रवाळभागात असल्या वेगवान माशाला आमिषही पळतंच लागतं. म्हणून ते चालत्या होडीमागून ओढतात. गळाजवळ पोलादी तार हवी, नाहीतर तिचे दात नायलॉनची दोरी सहज कापतात.

एका माशापायी इतकं डिझेल! पुणतांब्याच्या गळवाल्याला ही उधळपट्टीच वाटेल, आणि त्याचं फारसं चुकणार नाही.