तीन भाषांचा संसार

पोटाची भाषा एक, प्रार्थनेची दुसरी आणि मनाची तिसरी, असा योग ज्याच्या वांट्यास येतो त्याच्याकडे लोक मोठ्या कुतूहलानें पाहतात. आमच्या वांट्यास तो आला आहे. गेलीं पंचवीस वर्षें आम्ही महाविद्यालयांत इंग्रजी शिकवितों; नमाज अरबींत पढतों; आणि लिहावयास बसलों कीं लेखणींतून उतरते ती मराठीच. सकाळीं खोपोलीहून निघालेली गाडी लौजी, डोलवली, केळवली, पळसदरी हीं स्टेशनें मागें टाकीत कर्जतला पोंचेपर्यंत आमच्या मांडीवर शेक्सपीअर असतो आणि खिशांत अर्धवट लिहिलेला मराठी निबंध.

ह्या संसारांत कुरबुरी नाहींत असें नव्हे. 'तुमचें मराठी किती शुद्ध!' असें एखादे सद्गृहस्थ म्हणतात. हेतु चांगलाच असतो. पण घरच्याच माणसाला 'या, बसा' म्हणावें तसें तें कानाला लागतें. ज्या भाषेंत आईनें आम्हांस अंगाई म्हटली, तिच्या घरीं आम्ही पाहुणे कसे? उलटपक्षीं आमचे वृद्ध मामू म्हणतात, "अल्लाचें नांव घ्यावें, पोरांना शिकवावें, धर्मावर लिहिण्याची उठाठेव कशाला?"

मामूंच्या प्रश्नाशीं झगडतांना आम्हांस कर्जत तालुक्यांतल्याच एका डोंगराची आठवण होते. नेरळहून माथेरानास जाणारी छोटी आगगाडी १९०७ सालीं पीरभॉय घराण्यानें सुरू केली, हें पुष्कळांस ठाऊक आहे. पण त्याआधीं, १८९९ मध्यें, त्याच माथेरानावर आसफ अली असगर फैजी जन्मले, हें फार थोड्यांस माहीत असतें. ते सुलेमानी बोहरा कुटुंबांतले, केंब्रिजला शिकले, १९३८ ते १९४७ पर्यंत मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजाचे प्राचार्य होते. त्यांनीं अरबी ग्रंथ संपादिले, मुसलमानी कायद्यावर इंग्रजींत प्रमाणग्रंथ लिहिला आणि १९६३ सालीं 'अ मॉडर्न अ‍ॅप्रोच टु इस्लाम' ह्या पुस्तकांत असा विचार मांडला कीं, धर्म आणि कायदा ह्यांची गल्लत करूं नये. कायदा कालाबरोबर बदलतो, श्रद्धेचा गाभा तसा बदलत नाहीं. हें मत सर्वांस पटलें नाहीं, पटावें असा आग्रहहि नाहीं. आम्हांस महत्त्वाचें वाटतें तें हें कीं, हा शिक्षक धर्माबाहेर उभा राहून लिहीत नव्हता; आंत बसून लिहीत होता. १९८१ सालीं ते निवर्तले.

मामूंना आम्हीं आणखीहि एक गोष्ट सांगितली. परंपरेप्रमाणें पैगंबरांवर उतरलेला पहिला शब्द वाचण्याची आज्ञा देणारा आहे, आणि त्याच अवतरणांत लेखणीचा उल्लेख आहे. 'कलम' ह्या नांवाचा एक अध्यायच कुराणांत आहे. जेथें लेखणीला एवढा मान, तेथें लिहिणें ही उठाठेव कशी? मामू हंसले, त्यांना पटलें, असें मात्र आम्ही म्हणत नाहीं.

त्या सद्गृहस्थांसाठीं श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचें नांव पुरेसें आहे. त्यांनीं सतराव्या शतकांत 'योगसंग्राम' रचला तो मराठींतच. भाषा जन्मानें मिळते त्याहून अधिक ती राबून मिळते.

हें आम्हांस विद्यार्थ्यांनींच शिकविलें. ह्या भागांतील ठाकर-कातकरी वाड्यांवरून कांहीं मुलें आमच्या वर्गांत येतात. त्यांना इंग्रजी जशी परकी, तशी छापील मराठीहि परकीच. एका ठाकर मुलानें विचारलें, "सर, आम्ही आपली भाषा कोणती म्हणायची?" आम्हीं म्हटलें, "जिच्यांत खोटें बोलतांना जीभ अडखळते, ती तुझी."

पुढच्या आठवड्यांत त्यानें इंग्रजींत निबंध आणला. विषय होता आजीबरोबर पावसाआधीं राब भाजण्याचा. व्याकरण डळमळीत होतें. पण धुराचा वास ओळीओळीला येत होता. 'राब' ह्या शब्दाला इंग्रजी प्रतिशब्द न सांपडल्यानें त्यानें तो तसाच लिहिला होता. आमच्याहि मराठींत 'दुआ' आणि 'रोजा' असेच येतात. त्यांच्या जागीं दुसरे शब्द बसविले तर वाक्य शुद्ध होईल, पण आमचें राहणार नाहीं. आम्हीं तांबड्या शाईनें त्याचीं क्रियापदें सुधारलीं. 'राब' मात्र तसाच राहूं दिला.