पात्याचं माप

बागेत जाताना कमरेला चाकू नसला तर माझा हात दिवसभर त्या रिकाम्या जागी जात राहतो. पातं जेमतेम चार बोटांचं, लोहाराने ट्रकच्या जुन्या पाट्यातून घडवलेलं, मूठ शिसवाची. पातं न मिटणारं. मिटणारा चाकू मी बागेत नेत नाही. काजूचा चीक एकदा त्याच्या सांध्यात बसला की तो उघडायला दोन हात लागतात, आणि बागेत एक हात कायम कशात तरी गुंतलेला असतो, फांदीत, शिडीत, नाहीतर धरून ठेवलेल्या कलमात. न मिटणारं पातं एका हाताने निघतं, एका हाताने परत जातं. पण ते सदैव उघडं असतं. म्हणून चाकू कुठला घ्यावा यापेक्षा त्याला म्यान कसं असावं, हा प्रश्न मला मोठा वाटतो. दगडावर धार लावणं सवयीने येतं. ती धार दिवसभर आपल्या मांडीशी आणि खळ्यात धावणाऱ्या पोरांच्या डोळ्यांच्या उंचीवर वागवायची, ही जबाबदारी म्यानाची.

आमच्या सिंधुदुर्गात मोठ्या हत्याराची सोय पूर्वीपासून लागलेली आहे. कमरेच्या दोरीला मागच्या बाजूला आकडी आणि आकडीत अडकवलेली कोयती. म्यान नाहीच. झाडावर चढलेला माणूस हात मागे नेतो, न बघता मूठ सापडते, काम झालं की पातं पुन्हा आकडीत. हे जमतं, कारण कोयती जड असते. तिचं वजनच तिला जागेवर ठेवतं. लहान चाकूला तेवढं वजन नाही. तो आकडीला लावला तर पहिल्याच वाकण्यात गवतात. त्याला कशाने तरी धरून ठेवावं लागतं.

कोडगूच्या पारंपरिक पोशाखात हा फरक एकाच माणसाच्या अंगावर दिसतो. रुंद, वाकडी ओडिकत्ती पाठीवर, पितळी तोडंगात उघडीच अडकवलेली; आणि लहान पीचेकत्ती पुढे, चेले नावाच्या लाल रेशमी शेल्यात, म्यानासकट खोचलेली.

फिनलंडमध्ये हे धरून ठेवण्याचं काम सर्वांत साध्या रीतीने केलेलं आहे, असं माझं मत. तिथला पुक्को हा रोजच्या कामाचा चाकू. त्याच्या म्यानात पात्याबरोबर मूठही बरीचशी आत जाते. वर ना पट्टी, ना बटण. ओलं चामडं चाकूभोवती दाबून वाळवलेलं असतं, ते मुठीला आवळून धरतं. पात्यापुरतं आत लाकडाचं अस्तर असतं, म्हणजे टोक चामड्यातून बाहेर येत नाही. म्यान पट्ट्याला लोंबतं असल्यामुळे बसताना आपोआप बाजूला होतं, पोटात खुपत नाही. थंडीत जाड हातमोज्यानेही चाकू निघतो.

माझं म्यान कोल्हापूरला झालं, चपला करणाऱ्या एका वयस्क काकांकडे. तिथे जाण्याला कारण होतं. क्रोमने कमावलेलं चामडं मऊ असतं, पण ओलं करून दिलेला आकार ते धरत नाही. कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावतात. ते टणक होतं आणि आकार धरतं. शिवाय मी डावखुरा. तयार म्यानं बहुतेक उजव्या हातासाठी बेतलेली. डाव्या कमरेला लावली की धार नको त्या बाजूला येते. काकांनी चाकू हातात घेतला, उलटापालटा केला आणि आधी माझ्या हाताकडे पाहिलं. म्हणाले, “पाव्हणं, पायताणाला पायाचं माप, ह्याला पात्याचं. पर काडनारा हात कुठला, त्ये सांगा आदी.”

रापीने त्यांनी चामडं कापलं. मग धार जिकडे येणार त्या कडेला, दोन थरांच्या मधे, चामड्याची एक चिंचोळी पट्टी ठेवली. सगळ्या म्यानाचा जीव या पट्टीत. ती नसेल तर चाकू आत सारताना धार थेट शिवणीवर येते आणि दोरा आतून कापत जाते. बाहेरून काहीच कळत नाही, नि एके दिवशी पातं कडेतून डोकावतं. शिवण त्यांनी मेण लावलेल्या दोऱ्याने, दोन सुयांनी घातली. प्रत्येक भोकातून दोरा दोन्ही बाजूंनी जातो, त्यामुळे एक टाका तुटला तरी शेजारचे सुटत नाहीत.

या चामड्याचा एक स्वभाव मात्र सांभाळावा लागतो. हिरड्याचा अर्क आणि लोखंड एकत्र आले की काळी शाई होते. जुन्या काळी शाई तशीच करत. दमट म्यानात लोखंडी पातं रात्रभर राहिलं तर पात्यावर तीच निळी-काळी शाई उमटते, आणि मागोमाग गंज. म्हणून रात्री चाकू म्यानाबाहेर, तेलाचं बोट फिरवून, पोरांच्या हाताला न लागणाऱ्या फळीवर. आणि मिरगापासून दसऱ्यापर्यंत चामडं घरात राहतं. तेव्हा कायडेक्सचं म्यान. हा प्लास्टिकचा पत्रा तापवून चाकूभोवती दाबतात, तो पाणी पीत नाही, आणि तळाच्या भोकातून पाऊस वाहून जातो. त्यात जांभ्याची खर गेली तर पात्यावर ओरखडे उठतात, म्हणून रोज संध्याकाळी तो नळाखाली धरायचा. त्याच्यावर माझी माया नाही, पण पावसात विश्वास त्याच्यावरच.

दोन्ही म्यानांना पट्ट्याचा फासा मी टिचबटणाचा करून घेतला आहे, शिवलेला नव्हे. शस्त्र नियमांच्या यादीत 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पाती येतात आणि शेतीची अवजारं त्यातून वगळलेली आहेत. माझं पातं त्याच्या जवळपासही जात नाही. तरी सणासुदीला, निवडणुकीत महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 च्या कलम 37 खाली मनाई आदेश निघतात. आणि आदेश नसला तरी बँकेत, लग्नात, शाळेच्या फाटकाशी कमरेला चाकू दिसू नये असं मला मनापासून वाटतं. समोरच्या माणसाला आपला हेतू ठाऊक नसतो. दोन बटणं काढली की पट्टा न सोडता म्यान सुटतं आणि गाडीच्या डिकीत जातं.

पुतणीला आता असाच चाकू हवा आहे. लोहाराकडे पाटा देऊन ठेवला आहे. ती उजव्या हाताची, आणि तिचा बराच वेळ जमिनीवर बसून कलमं बांधण्यात जातो. तिचं म्यान लोंबतं करायला सांगणार आहे, मूठ निम्म्याहून जास्त आत. मापाला तिलाच घेऊन जाईन. काका आधी तिचा हात बघतील.