‘कोसळणे’ या क्रियापदाविषयी

पावसाळ्यात मराठी वृत्तपत्रांत एक वाक्य दरवर्षी ठरल्यासारखे येते : ‘दरड कोसळली.’ व्याकरणाच्या दृष्टीने ते निर्दोष आहे. दरड हा कर्ता, कोसळणे हे अकर्मक क्रियापद. कोणी काही केले नाही, आधीपासून काही घडत नव्हते, असा त्याचा ध्वनी. माळीणविषयीचा मजकूर वाचताना या निरागस क्रियापदाचा आम्हाला संशय येऊ लागला.

३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम भागातील माळीण हे प्रामुख्याने महादेव कोळ्यांचे गाव डोंगराच्या चिखलाखाली गेले. १५१ माणसे दगावली. ही वार्ता बाहेर आली ती एका एस.टी. चालकामुळे, नेहमीच्या जागी त्याला गाव दिसले नाही.

भूतंत्र अभियंत्यांच्या भाषेत मात्र उतार कधीच स्वस्थ नसतो. गुरुत्वाकर्षण मातीला खाली ओढत असते. कणांमधील घर्षण आणि चिकटपणा तिला धरून ठेवतात. धरणाऱ्या बळाला ओढणाऱ्या बळाने भागले की सुरक्षा गुणांक मिळतो. तो एकाच्या खाली गेला की उतार सुटतो. सह्याद्रीच्या बेसाल्टवर त्याचीच झीज होऊन बनलेल्या मातीचा थर असतो. संततधार पावसात पाणी त्यात मुरते, खालच्या कठीण खडकाशी अडते, कणांमधील पाण्याचा दाब वाढतो आणि त्यांची एकमेकांवरील पकड सैल होते. कार्ल टेर्झागी यांनी १९२० च्या दशकात मांडलेले तत्त्व ते हेच. म्हणजे ‘कोसळणे’ हे एका लांबलचक वाक्याचे अखेरचे क्रियापद आहे. आधीची सारी पदे आपण गाळतो.

ती पदे वाचता येतात. माथ्यावरची नवी भेग, कललेली झाडे, एकाएकी गढूळ झालेला झरा, भिंतीला गेलेला तडा. उपायही साधे आहेत : वरचे पाणी चरांनी बाजूला काढणे, भेगा बुजवणे, उताराचा पायथा न कापणे.

याच भागात ‘पडकई’ हा शब्द आहे : गावाने एकत्र येऊन, हातांनी, उतारावर भातखाचरे घडवण्याची रीत. माळीणनंतर यंत्रांनी केलेल्या पडकईवर बरेच बोट ठेवले गेले. त्यावर वादही झाला. शब्द तोच राहिला, पण उतार कापण्याचा वेग आणि आवाका बदलला, एवढे तरी त्या वादातून दिसते. शेजारच्या जुन्नरला डोंगरात लेणी कोरणाऱ्यांनी पाण्याची टाकीही खोदली. तिथल्या शिलालेखांत त्यांना ‘पोढी’ म्हटले आहे. डोंगर कोरायचा तर पाण्याचा विचार सोबत करावा लागतो, हे त्या कारागिरांना ठाऊक असावे.

माळीणचे पुनर्वसन आमडे येथे झाले. २०१७ च्या एप्रिलमध्ये नव्या घरांचा ताबा मिळाला. पहिल्याच पावसाळ्यात तिथले रस्ते खचल्याच्या बातम्या आल्या. पुढे २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातील तळिये, १९ जुलै २०२३ ला खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी. गावाचे नाव बदलले, वाक्य तेच राहिले.

वाक्यातला कर्ता शोधणे हा आम्हा भाषाशिक्षकांचा रोजचा पाठ आहे. वर्गात तो या वाक्यावरही घ्यावा : उतार कोणी कापला, चर कोणी बुजू दिला, भेग कोणी पाहिली, ती कोणाला सांगितली, आणि ऐकणाऱ्याने पुढे काय केले?