ताऱ्यांच्या गांवीं जातां येईल काय ?

रात्रीं मनवेलपाड्यांतील एखाद्या गच्चीवरून आकाशाकडे पाहिलें, तर दिव्यांच्या उजेडामुळें थोडकेच तारे दृष्टीस पडतात. तरीही यंदा वर्गांतील मुलांनीं आम्हांस जो प्रश्न पुनःपुन्हां विचारला तो ताऱ्यांविषयींचाच होता. दुसऱ्या सूर्यांभोंवतीं पृथ्वीसारखे ग्रह सांपडले आहेत असें तीं वाचतात, आणि विचारतात, "सर, तेथें जातां येईल का ?" 'नाहीं' म्हणून मोकळें होणें सोपें होतें, परंतु मुलांचा प्रश्न टोलविणें आम्हांस रुचत नाहीं.

ग्रह सांपडले ही गोष्ट खरी आहे. सूर्यासारख्या ताऱ्याभोंवतीं फिरणारा पहिला परका ग्रह मिशेल मेयर व दिदिये केलोझ या स्विस शास्त्रज्ञांस १९९५ सालीं आढळला. २०२५ पर्यंत अशा ग्रहांची संख्या ६,००० च्या वर गेली. सूर्याला सर्वांत जवळचा तारा प्रॉक्सिमा सेंटॉरी. त्याच्याभोंवतीं २०१६ सालीं सांपडलेला एक ग्रह अशा अंतरावर आहे, कीं तेथें पाणी असल्यास तें द्रवरूपांत राहूं शकेल. 'वस्तीस योग्य' या शब्दांचा अर्थ एवढाच. तेथें पाणी आहे किंवा हवा आहे हें अद्याप कोणीं पाहिलेलें नाहीं. त्या ग्रहाचें वर्ष अवघें ११ दिवसांचें. आणि तो तारा अधूनमधून असे भडके उडवितो, कीं ग्रहाचें वातावरण टिकलें असेल काय याचीच शास्त्रज्ञांस शंका वाटते. वर्तमानपत्रें मात्र 'दुसरी पृथ्वी' असा मथळा देऊन मोकळीं होतात !

आतां अंतराचें पाहूं. प्रकाश सेकंदास सुमारें ३ लक्ष किलोमीटर धांवतो. त्यालाही तेथून येण्यास ४.२४ वर्षें लागतात. हे आंकडे मुलांच्या डोक्यांवरून जातात, म्हणून आम्हीं फळ्यावर विरारच्या लोकलचें गणित घातलें. मधले थांबे धरून गाडी ताशीं ४० किलोमीटर जाते असें मानलें, तर प्रॉक्सिमास पोहोंचण्यास तिला ११ कोटींहून अधिक वर्षें लागतील. सह्याद्रीचा काळा पाषाण ज्या लाव्हारसापासून बनला, तो सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं बाहेर पडला. म्हणजे आज तेथें पोहोंचणारी गाडी सह्याद्रीचा तो पाषाण जन्मण्यापूर्वींच सुटावयास हवी होती. वर्गांत हंशा पिकला. परंतु उत्तर दोनदां पडताळून पाहणारीं मुलेंही निघालीं, याचें आम्हांस समाधान वाटलें.

वेग वाढवावा म्हणाल, तर त्याची किंमत भारी आहे. अवघी एक किलो वजनाची वस्तु प्रकाशाच्या एकदशांश वेगास नेण्यासाठीं, कणभरही शक्ति वायां न जातां, सुमारें साडेबारा कोटी युनिट विजेइतकी ऊर्जा लागेल. महिन्याला १०० युनिट वापरणाऱ्या एक लक्ष घरांस ती वर्षभर पुरेल. माणसें, त्यांचें अन्न, पाणी, हवा आणि यान यांचा हिशेब पालकांनीं घरीं मुलांकडून करवून घ्यावा. शिवाय मुक्कामावर उतरावयाचें तर तेवढा सारा वेग पुन्हां आवरावा लागणार. इतकें करूनही प्रवास ४२ वर्षांचा तो ४२ वर्षांचाच.

वसईच्या किल्ल्याची सहल करून आलेल्या एका हुशार विद्यार्थ्यानें आम्हांस हटकलें, "पोर्तुगीज नाहीं का आले ?" आले खरे. १४९७ च्या जुलैत लिस्बनहून निघालेला वास्को द गामा १४९८ च्या मे महिन्यांत कालिकतच्या किनाऱ्यास लागला, आणि १५३४ मध्यें वसई पोर्तुगीजांच्या हातीं गेली. परंतु वास्कोच्या वाटेवर आफ्रिकेचीं बंदरें होतीं. तेथें गोडें पाणी मिळालें, मालिंदीस वाटाड्याही मिळाला. दोन ताऱ्यांमधील वाटेवर बंदर नाहीं.

म्हणून कांहीं कल्पक मंडळी असें यान सुचवितात, कीं ज्यांत माणसें संसार थाटतील, मुलें वाढवितील, तेथेंच देह ठेवतील, आणि त्यांच्या नातवंडांचीं नातवंडें त्या ग्रहावर उतरतील. येथें गणित संपतें व खरी अडचण पुढें येते. निघणारे आपखुषीनें निघतील. मध्यें जन्मणाऱ्यांचें काय? आमचे वडील ५० वर्षांपूर्वीं राजापूर तालुक्यांतील घर सोडून नोकरीसाठीं विरारला आले. आम्हांस कोणीं विचारलें नव्हतें. हें आम्ही घरीं बोलून दाखवितांच आमच्या मातोश्री म्हणाल्या, "पोर जन्माला घालतांना कुणी त्याला विचारतं का रे ?" यावर चटकन् उत्तर सुचणें कठीण. तथापि आमच्या मतें येथें एक भेद आहे. आम्ही गणपतीस एस्. टी. नें गांवीं जातों. उद्यां विरार नकोसें झालें तर सामान बांधून निघूंही शकूं. यानांतील त्या मुलास मागें परतण्याची वाट नाहीं, आणि पुढचा ग्रह जिवंतपणीं पाहण्याची आशाही नाहीं. एक दिवस नळास पाणी आलें नाहीं म्हणजे मनवेलपाड्यांत काय धांदल उडते तें आमच्या वाचकांस सांगावयास नको. तेथें टँकरही यावयाचा नाहीं ! मुक्काम राहण्याजोगा आहे अशी खातरी झाल्यावांचून पोराबाळांचें यान सोडण्यास आमचें मत पडणार नाहीं.

यंत्रें खुशाल जावोत. ग्रॅमभर वजनाचीं यानें लेसर किरणांच्या झोतानें ढकलून प्रकाशाच्या एकपंचमांश वेगानें वीसेक वर्षांत तेथें धाडावीं, अशी एक योजना २०१६ सालीं जाहीर झाली. प्रत्यक्षांत तसें यान अद्याप सुटलेलें नाहीं.

आपल्याकडील एक स्वर मात्र ताऱ्यांच्या वाटेला केव्हांच लागला आहे. ५ सप्टेंबर १९७७ रोजीं अमेरिकेनें सोडलेल्या व्हॉयेजर १ या यानावर सोन्याचा मुलामा दिलेली एक तांब्याची तबकडी आहे. तींत ५५ भाषांतील अभिवादनें आहेत, त्यांत मराठीही आहे. आणि सूरश्री केसरबाई केरकर यांनीं गाइलेली 'जात कहाँ हो' ही भैरवींतील सुमारें साडेतीन मिनिटांची चीज आहे. कोठें जातां, असें विचारणारी चीज अशा प्रवासावर जावी हा योग आम्हांस मोठा विलक्षण वाटतो. बाईंचा जन्म १८९२ सालीं गोव्यांतील केरी गांवीं झाला. गाणें त्या अल्लादिया खाँसाहेबांकडे शिकल्या. यान सुटल्यानंतर अकराव्या दिवशीं, १६ सप्टेंबरला, मुंबईस त्यांचें देहावसान झालें.

ऑगस्ट २०१२ मध्यें तें यान सौर वाऱ्याची सीमा ओलांडून ताऱ्यांमधील अवकाशांत गेलें. सेकंदास सुमारें १७ किलोमीटर असा त्याचा वेग आहे. त्याची दिशा निराळी आहे. परंतु या वेगानें प्रॉक्सिमास जावयाचें तर ७५ हजार वर्षें लागतील. सुमारें ४० हजार वर्षांनीं तें एका लहानशा लाल ताऱ्यापासून दीड-पावणेदोन प्रकाशवर्षांवरून जाईल. आज त्याचा संदेश पृथ्वीवर येण्यास जवळजवळ एक दिवस लागतो. त्याची वीज दरवर्षीं कमी होत आहे, म्हणून एकेक उपकरण बंद करावें लागत आहे; पुढें केव्हां तरी यान मुकें होईल. तबकडी पुढें जात राहील. तिच्यासोबत सुई ठेवलेली आहे, आणि ती कशी वाजवावी हें आवरणावर चित्रांनीं कोरलेलें आहे.