शांत स्वभावाचं कॅबिनेट

कॅबिनेट म्हटलं की आमच्या पिढीला दोनच गोष्टी आठवतात. एक दिल्लीचं आणि दुसरं टीव्हीचं. १९७३ साली सिंहगडावरून मुंबई दूरदर्शन पुण्यात दिसू लागलं, तेव्हा टीव्ही ही चार पायांवर उभी राहणारी लाकडी वस्तू होती. तिला सरकती दारं असत, दारांना कुलूप असे आणि वार्षिक परीक्षा संपेपर्यंत किल्ली वडिलांच्या जानव्याला असे. आता कॉम्प्युटरच्या खोक्यालाही कॅबिनेटच म्हणतात, हे ज्ञान मला भाच्याने दिलं.

घरातला सगळा ऐवज एका कॉम्प्युटरमध्ये भरायचा आणि तो टीव्हीला जोडायचा, ही टूमही त्याचीच. ऐवज म्हणजे आमच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट, पोतंभर सीडी, ‘प्रभात’चे जुने सिनेमे आणि १९८४ सालची एक ध्वनिफीत. या फितीत माझी आई माझ्या मुलीला गोष्ट सांगते आहे. मुलीने झोपावं म्हणून सांगत असल्यामुळे आवाज मुळातच कुजबुजीएवढा. आईचा आवाज म्हणून आमच्याकडे उरलंय ते एवढंच, बावीस मिनिटांचं.

भाच्याने आपला जुना कॉम्प्युटर आणून जोडला, फीत लावली, आणि आईच्या आधी पंखाच बोलू लागला. मी थोडीफार पेटी वाजवतो. काळी एक दाबून पाहिली, तर पंखा जवळजवळ सुरात! भाच्याने हिशेबच मांडला. पंख्याला पाती सात, मिनिटाला फेरे बाराशे, म्हणजे सेकंदाला एकशे चाळीस फटके. काळी एक त्याच्या अगदी शेजारी. आई कोल्ह्याची गोष्ट सांगते आहे आणि मागे कुणीतरी अखंड षड्ज धरून बसलंय, असा तो प्रकार.

“हे चालायचं नाही,” सौ. म्हणाली. “सासूबाई बोलत असताना मी चौदा वर्षं मध्ये बोलले नाही. हे यंत्र कोण लागून गेलंय?”

तेव्हा नवं कॅबिनेट बघायचं ठरलं. बघायचं म्हणजे अगदी स्थळं बघतात तसं. शांत स्वभावाचं, कमी उंचीचं, चारचौघांत मिसळणारं, जागेच्या अडचणीत राहू शकेल असं. आमच्या शोकेसमध्ये शंखशिंपल्यांचा ताजमहाल आणि मुलीचं वक्तृत्वाचं ढाल-चषक मंडळ आधीपासून राहतं, त्यांच्याशीही जमायला हवं. जुन्या कॅसेट डेकसारखं आडवं आणि त्रेचाळीस सेंटिमीटर रुंदीचं कॅबिनेट मिळतं, ते शोभेल असं भाच्याचं मत पडलं.

तपकीर गल्लीत गेलो. बुधवार पेठेतल्या या गल्लीत बटणापासून बॅटरीपर्यंत सगळं मिळतं, फक्त शांतता मिळत नाही. संध्याकाळी सातला तिथे उभं राहून कॅबिनेटचा आवाज ऐकणं म्हणजे मिरचीच्या गिरणीत अत्तराचा वास घेऊन बघणं.

“याचा आवाज किती येतो?” मी विचारलं.

“तुम्हाला येतोय का?” दुकानदार.

“इथे नाही येत.”

“मग झालं तर!”

त्याने पुढे केलेली कॅबिनेटं बाजूने काचेची होती. आत पंख्यांवर लाल, निळे, हिरवे दिवे फिरत होते. मंडळाचा देखावा बघतोय असंच वाटलं. खाली वर्गणीची पेटी तेवढी नव्हती. मी त्याला सांगितलं, मला सिनेमा बघायचाय तो टीव्हीत, कॅबिनेटात नव्हे.

मग मी माझी पद्धत काढली. माठ घेताना वाजवून घेतो, तसं प्रत्येक कॅबिनेट बोटाच्या पेराने वाजवायला लागलो. फरक इतकाच की माठ खणखणीत वाजला तर घ्यायचा आणि कॅबिनेट खणखणीत वाजलं तर सोडायचं. पत्रा पातळ असला की आतल्या हार्ड डिस्कची थरथर घेऊन तो डमरूसारखा वाजतो. जाड पत्रा ‘ठप्प’ म्हणून गप्प बसतो. डिस्कखाली रबरी चकत्या असल्या तर उत्तमच. भाचाही या विद्येवर खूष झाला. दुकानदार झाला नाही.

पंख्याचं गणित मात्र मला उलटं वाटलं होतं. लहान पंखा लहान आवाज करील, ही आपली समजूत. प्रत्यक्षात ऐंशी मिलिमीटरच्या पंख्याला जेवढी हवा ढकलायला धावपळ करावी लागते, तेवढी एकशे वीसचा रमतगमत ढकलतो. भारदस्त माणसं हळू बोलतात, तसंच. बिनपंख्याचंही एक कॅबिनेट होतं, अंगभर ॲल्युमिनियमच्या चुण्या पाडलेलं. आतली उष्णता ते अंगावाटे बाहेर टाकतं. पण एप्रिलमध्ये आमची वरच्या मजल्यावरची खोलीच भट्टी होते, मग ते बिचारं उष्णता देणार कुणाला? किंमत ऐकल्यावर तर उष्णता मलाच जाणवली.

शेवटी आडवं, जाड पत्र्याचं, कडेला एकशे वीसचा पंखा असलेलं काळं कॅबिनेट घेतलं. शोकेसची खोली चौदा इंच. कॅबिनेट बसलं, पण मागच्या वायरींना तीन इंच हवे होते. सुताराने मागचं प्लायवूड कापलं. शेजारच्या निवृत्त बँकवाल्यांनी सुचवलं, “आता पुढची काच लावून टाका, आवाज आतच राहील.” भाचा म्हणाला, “काका, मग ते स्वतःचीच गरम हवा परत ओढणार आणि पंखा जोरात फिरवणार. तोंडावर गोधडी घेतलेला माणूस जास्तच घोरतो ना?” बँकवाल्यांच्या सौभाग्यवतींनी इतकी जोरात मान हलवली की तो विषय तिथेच संपला.

रात्री दहाला फीत लावली. कॅबिनेट अगदी गप्प. आईचा आवाज आला. कोल्ह्याच्या मागे आमच्या जुन्या घरातल्या कुकरची शिट्टी आली, वडिलांचं खोकणं आलं. हे कधी ऐकूच आलं नव्हतं. सौ. पुढे सरकून बसली. पाच मिनिटांनी तिने हात वर केला.

“थांबवा जरा. कसला तरी आवाज येतोय.”

भाच्याने कॅबिनेटला कान लावला. काही नाही. मग आम्ही तिघांनी वर बघितलं. छताचा पंखा कुईं-कुईं करत फिरत होता.

सौ. उठली, बटण बंद केलं आणि पदराने वारा घेत म्हणाली, “हं, लाव आता पहिल्यापासून.”